ऑल-अमेरिकाच्या जुन्या याद्या वाचताना

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या खेळाडूंबद्दल वाचायला घेतलं की 'तीन वेळा ऑल-अमेरिका', 'चार वेळा ऑल-अमेरिका' असे शेरे पदोपदी भेटतात. ऑल-अमेरिका म्हणजे त्या हंगामातल्या देशभरच्या उत्तम खेळाडूंचा, जागेनुसार निवडलेला कागदावरचा संघ. ते खोटे नसतात, पण आजच्या अर्थानं घेतले तर हमखास फसगत होते. १८९० च्या दशकात हा मान एक-दोन माणसं ठरवत. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात मोजकी कॉलेजं होती आणि त्या खेळात फॉरवर्ड पास (चेंडू हातानं पुढे फेकणं) नावाची चीजच नव्हती. म्हणून जुनं नाव समोर आलं की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: निवड कुणी केली, कोणत्या वर्षी केली, आणि त्या वर्षी नियम काय होते.

पहिली यादी १८८९ ची. कॅस्पर व्हिटनी या क्रीडा पत्रकारानं ती छापली. अकरा जागा, अकरा नावं (पुढच्या ओळीत, म्हणजे लाईनमध्ये, मधे सेंटर आणि दोन्ही बाजूंना गार्ड, टॅकल, एंड; तिच्या मागे क्वार्टरबॅक, हाफबॅक, फुलबॅक). प्रिन्स्टनचे पाच: टॅकल हेक्टर कोवान, सेंटर विल्यम जॉर्ज, क्वार्टरबॅक एडगर ॲलन पो, हाफबॅक रॉस्को चॅनिंग, फुलबॅक नोल्टन 'स्नेक' एम्स. येलचे तीन: एंड ॲमॉस अलॉन्झो स्टॅग, टॅकल चार्ल्स गिल, गार्ड विल्यम 'पज' हेफलफिंगर. उरलेले तीन हार्वर्डचे: एंड आर्थर कम्नॉक, गार्ड जॉन क्रॅन्स्टन, हाफबॅक जेम्स ली. झाली यादी. चौथ्या कॉलेजचं नाव त्यात औषधालाही नाही. (हो, हा पो त्या कवी पोच्याच घराण्यातला. पुढे मेरीलँड राज्याचा ॲटर्नी जनरल झाला. सहाही पो भाऊ प्रिन्स्टनलाच शिकले, त्यामुळे जुन्या बातमीत नुसतं 'पो' दिसलं तर वर्ष बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.)

या यादीचं श्रेय बऱ्याच ठिकाणी वॉल्टर कॅम्पच्या नावावर जमा असतं. पहिल्या यादीत कॅम्पचा हात किती होता यावर अजून वाद आहे, पण छापणारा व्हिटनी होता हे पक्कं. कॅम्पची यादी १८९८ पासून कॉलियर्स साप्ताहिकात येऊ लागली आणि १९२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ त्याच्या मरेपर्यंत चालली. तो पोटापाण्यासाठी न्यू हेवनच्या घड्याळ कंपनीत नोकरी करायचा. येलचा माजी खेळाडू, येलच्या संघाचा सल्लागार आणि वर नियम समितीचा आधारस्तंभ. नियम करणारा तोच आणि मानकरी निवडणाराही तोच. आज असं कुणी केलं तर गदारोळ होईल. तेव्हा मात्र त्याचा शब्द हा शेवटचा शब्द मानला जायचा, आणि खेळाची त्याच्याइतकी समज दुसऱ्या कुणाला नव्हती हेही तितकंच खरं.

त्याची अडचण साधी होती. सामने शनिवारी, सगळीकडे एकाच वेळी. न्यू हेवनहून आगगाडीनं जाऊन जे बघता येईल ते बघायचं, बाकीचं पत्रांवरून आणि वर्तमानपत्रांवरून. त्यामुळे पश्चिमेकडचा (त्या काळी शिकागोसुद्धा 'पश्चिम'च) पहिला खेळाडू कॅम्पच्या पहिल्या संघात (त्याच्या पहिल्या पसंतीच्या अकरांत) आला तो १८९८ मध्ये, शिकागो विद्यापीठाचा क्लॅरेन्स हर्शबर्गर. पुढच्याच वर्षी कार्लाइल इंडियन स्कूलचा आयझॅक सेनेका आला, पहिल्या संघात बसलेला पहिला मूळनिवासी खेळाडू. खरी गंमत १९०१ ची आहे. मिशिगननं त्या हंगामात अकराच्या अकरा सामने जिंकले, एकूण गुण ५५० विरुद्ध शून्य. कॅम्पच्या त्या वर्षीच्या पहिल्या संघात मिशिगनचा एकही खेळाडू नाही. त्या अकरातला शेवटचा सामना म्हणजे १ जानेवारी १९०२ चा पहिला रोझ बोल (हंगामानंतरचा खास सामना); त्यात याच संघानं स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. त्यांचा हाफबॅक विली हेस्टन पहिल्या संघात पोचला तो १९०३ आणि १९०४ मध्ये. तेव्हा एखादा पश्चिमेचा खेळाडू यादीत नाही, म्हणून तो कमी दर्जाचा, हा निष्कर्ष बाद.

यादीतली जागाही जशीच्या तशी घेऊ नये. शिकागोचा वॉल्टर एकर्सल क्वार्टरबॅक म्हणून गाजला, पण १९०४ मध्ये कॅम्पनं त्याला एंडवर बसवलं. माणूस वगळायचा नाही, मग जिथे रिकामी जागा दिसेल तिथे घालायचा, असा तो हिशोब. १९०५ आणि १९०६ मध्ये एकर्सल त्याच्या हक्काच्या जागी दिसतो.

आता खेळाकडे. ६ नोव्हेंबर १८६९ ला न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ हरवलं, तो पहिला सामना मानतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या रोजच्या वाटेवरचं ते गाव. पण त्या दिवशी एकेका बाजूला पंचवीस खेळाडू होते, चेंडू गोल होता आणि तो हातात घेऊन पळता येत नव्हतं. आज आपण ज्याला फुटबॉल म्हणून बघतो त्याची बीजं १८८० मध्ये पडली, जेव्हा कॅम्पच्या आग्रहानं अकरा खेळाडू आणि स्क्रिमेज आलं: चेंडू एका संघाच्या ताब्यात, सेंटरनं तो मागे द्यायचा. लगेच घोटाळा झाला. चेंडू सोडायची सक्तीच नसल्यानं १८८१ च्या प्रिन्स्टन-येल सामन्यात दोन्ही संघ चेंडू नुसता धरून बसले आणि सामना ०-० सुटला. त्यावर उपाय म्हणून १८८२ मध्ये तीन डाऊनमध्ये (तीन प्रयत्नांत) पाच यार्ड पुढे जायची अट आली. ती मोजायला मैदानावर दर पाच यार्डांना चुन्याच्या रेघा मारू लागले.

१८८८ चा बदल जुन्या मानकऱ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. कमरेखाली, गुडघ्यापर्यंत टॅकल करायला (पळणाऱ्याला धरून पाडायला) परवानगी मिळाली, आणि त्याच वेळी अडवणाऱ्यांना हात पसरून धरायला बंदी झाली. परिणाम असा की मोकळ्या मैदानात पळणाऱ्याला पाडणं सोपं झालं. मग संघांनी पांगून पळणं सोडलं. लाईन खांद्याला खांदा लावून उभी राहिली, मागचे तिघे-चौघे तिच्या पाठीला चिकटले आणि सगळा घोळका एका जागी घुसवायचा खेळ सुरू झाला. गार्ड आणि टॅकल इतक्या जुन्या याद्यांत एवढे गाजलेले का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. पाच यार्ड मिळायचे ते यांच्या अंगावरून किंवा यांच्या जोरावर.

हेफलफिंगर याच सुमाराला येलमध्ये आला, १८८८ मध्ये. त्या हंगामात येलचे गुण ६९८, विरुद्ध शून्य. सव्वासहा फूट उंची, वजन दोनशे पौंडांच्या आसपास, आणि या आकाराच्या मानानं पाय फारच हलके. त्यानं दोन गोष्टी केल्या. एक, चेंडू आपल्याकडे असताना गार्डनं जागेवर न थांबता लाईनमधून मागे सरकून, आडवं धावत, चेंडूवाल्याच्या पुढे जाऊन वाट मोकळी करायची. आज याला गार्ड 'पुल' करणं म्हणतात. दोन, समोरून व्ही आकाराचा घोळका आला की त्याच्या टोकाच्या माणसावर गुडघे पोटाशी घेऊन वरून उडी. टोक कोसळलं की मागचे त्याच्यावर अडखळतात आणि आतला चेंडूवाला अडकतो. १८८९, १८९० आणि १८९१ अशी तिन्ही वर्षं तो पहिल्या संघात आहे.

या घोळक्याचा कळस म्हणजे हार्वर्डची फ्लाइंग वेज. ती डोक्यातून निघाली लॉरिन डिलँडच्या, जो स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता. बुद्धिबळ आणि नेपोलियनच्या लढाया हे त्याचे छंद. त्यानं नियमातली फट शोधली. किकऑफला (खेळ सुरू करणाऱ्या किकला) चेंडू लांब मारायची सक्ती नव्हती. पायानं नुसता स्पर्श करून तो उचलून घेता यायचा. १९ नोव्हेंबर १८९२ ला येलविरुद्ध, दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला हार्वर्डचे खेळाडू दोन गटांत बरेच मागे उभे राहिले. दोन्ही गट तिरके, पूर्ण वेगात धावत आले आणि चेंडूपाशी एकमेकांत मिळाले. पाचर तयार, चेंडूवाला तिच्या आत. येलचे खेळाडू मात्र जागेवरच उभे, त्यामुळे वेगाची सगळी झळ त्यांना. सामना शेवटी येलनंच ६-० जिंकला, पण वेज देशभर पसरली आणि माणसं मोडू लागली. १८९४ मध्ये किकऑफचा चेंडू निदान दहा यार्ड गेलाच पाहिजे असा नियम झाला. आजच्या ऑनसाइड किकमध्ये (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेल्या आखूड किकऑफमध्ये) दहा यार्डांची अट दिसते, तिचं मूळ इथलं.

गुणांचं गणित वेगळंच. जुना स्कोअर आजच्या आकड्यांनी सोडवायला गेलात तर सुटणार नाही. १८८४ पासून टचडाऊनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपार नेण्याला) ४, त्यानंतर किकनं केलेल्या गोलला २, फील्ड गोलला (चालू खेळात खांबांमधून मारलेल्या किकला) ५, सेफ्टीला (चेंडूवाला स्वतःच्याच गोल रेषेमागे अडकला तर, समोरच्यांना) २. १८९० च्या दशकाच्या अखेरीस टचडाऊन ५ चा आणि नंतरचा गोल १ चा झाला. फील्ड गोल १९०४ मध्ये ४ वर आणि १९०९ मध्ये ३ वर उतरला. १९१२ मध्ये टचडाऊन ६ चा झाला. तेव्हा १८९९ मध्ये प्रिन्स्टननं येलला ११-१० हरवलं हे कसं? टचडाऊन ५, गोल १, आणि शेवटी आर्थर पोची (त्या सहा भावांतलाच एक) ड्रॉप किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून टप्पा उठताच मारलेला फील्ड गोल, ५. म्हणजे एक किक एका टचडाऊनएवढी मोलाची. किक मारणाऱ्यांना त्या काळात एवढा मान का, हे यावरून उलगडतं.

त्यातला सगळ्यात मुलखावेगळा म्हणजे विस्कॉन्सिनचा पॅट ओ'डी, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध बर्फ पडत असताना त्यानं ६२ यार्डांवरून ड्रॉप किकनं गोल केला. या आकड्याची तुलना आजच्या किकशी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेव्हा मैदान ११० यार्डांचं होतं आणि गोलचे खांब गोल रेषेवरच होते. ते मागच्या रेषेवर गेले १९२७ मध्ये. आज ६२ यार्डांच्या किकमध्ये एंड झोनचे (गोल रेषेमागच्या पट्ट्याचे) दहा यार्ड धरलेले असतात, म्हणजे ती गोल रेषेपासून ५२ यार्डांवरून मारलेली असते. ओ'डीची किक त्याच्या स्वतःच्या अर्ध्या मैदानातून आली. उलट बाजूनं, तेव्हाचा चेंडू आजच्यापेक्षा फुगीर होता, टोकं बोथट. जमिनीवर टप्पा नीट पडायचा, म्हणून ड्रॉप किक जमायची. चेंडू निमुळता होत गेला तशी ती कला मेली.

खेळाडूंच्या पात्रतेबद्दलही आजचे निकष लावू नयेत. स्टॅग १८८९ मध्ये निवडला गेला तेव्हा २७ वर्षांचा होता आणि पदवी घेऊन पुढे धर्मशास्त्र शिकत होता. विल्यम हेन्री लुइस आधी ॲमहर्स्टकडून खेळला, तिथे कर्णधार झाला, मग हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये गेला आणि तिथून १८९२ व १८९३ मध्ये सेंटर म्हणून ऑल-अमेरिका झाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. चार वेळा पहिल्या संघात बसलेले मोजके आहेत: येलचे फ्रँक हिंकी आणि गॉर्डन ब्राऊन, हार्वर्डचा मार्शल न्यूवेल, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा ट्रक्स्टन हेअर. पहिल्या वर्षापासून खेळायची मुभा होती, म्हणून चार. हिंकी तर एंड असून वजन जेमतेम दीडशे पौंड. त्याच्या टॅकलचे आकडे शोधत बसू नका, तसे आकडे कुणी ठेवलेच नाहीत. जे आहे ते बातमीदारांची विशेषणं.

१९०५ च्या हंगामात अठरा-एकोणीस मृत्यू मोजले गेले (बहुतेक शाळकरी मुलं, हे सांगायचं राहून जातं) आणि त्यावर उपाय म्हणून १९०६ मध्ये फॉरवर्ड पास आला, पण बेड्या घालून. सेंटरच्या डाव्या-उजव्या पाच यार्डांच्या बाहेरूनच पास लाईन ओलांडू शकत होता, आणि कुणाचाही हात न लागता चेंडू पडला तर तो थेट प्रतिस्पर्ध्याचा. सेंट लुइसच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननं ५ सप्टेंबर १९०६ ला पहिला पास टाकला तो असाच पडला आणि चेंडू गेला. नंतरच्या पासवर जॅक श्नायडरनं टचडाऊन केला. त्या वर्षीच्या कॅम्पच्या पहिल्या संघात रॉबिन्सन नाही.

कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम (कारकीर्द संपल्यावर थोर खेळाडूंना मिळणारं कायमचं स्थान) हा वेगळा मान, पहिली तुकडी १९५१ ची. हेफलफिंगर, हिंकी, कार्लाइलचा जिम थॉर्प त्यात आहेत. स्टॅग खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी. हेफलफिंगरचं आणखी एक कलम: १२ नोव्हेंबर १८९२ ला अॅलेगनी क्लबनं एका सामन्यासाठी त्याला रोख ५०० डॉलर दिले. ती हिशोबाची नोंद उजेडात यायला दुसरं महायुद्ध उलटून जावं लागलं. पैसे घेऊन खेळल्याची ती सगळ्यात जुनी लेखी नोंद, आणि कॉलेजच्या मानाला तिनं काही बाधा आली नाही, कारण येल त्यानं आधीच सोडलं होतं.

ओ'डी १९१७ मध्ये गायब झाला, १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात दुसऱ्या नावानं राहताना सापडला, आणि हॉल ऑफ फेमसाठी निवडला गेला १९६२ मध्ये, त्याच वर्षी तो वारला. रटगर्सचा एंड पॉल रोबसन १९१८ मध्ये कॅम्पच्या पहिल्या संघात होता. त्याच्या राजकीय मतांपायी हॉलचं दार बंद राहिलं ते १९९५ पर्यंत. तो जाऊन १९ वर्षं झाली होती. लुइसचं नाव लागलं २००९ मध्ये. प्रवेशाचं वर्ष बघून खेळाडूची थोरवी ठरवू पाहणाऱ्यांनी ही तीन नावं आधी तपासावीत.