बारा सेकंदाला एक टक

गाळप हंगामातली गोष्ट. साखर कारखान्यात मिल नंबर तीनच्या गिअरबॉक्सवर मॅग्नेटने कंपन मोजणारा सेन्सर चिकटवला, मीटरवर कंपन अवघं ०.४ मिलिमीटर प्रतिसेकंद. मी खूश. शेजारी म्हातारा फिटर गिअरबॉक्सला टेकवलेला गज कानाला लावून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, बारा सेकंदाला एकदा टक करतंय बघा."

हिशेब केला. रोलर मिनिटाला पाच फेरे घेतो, म्हणजे एका फेऱ्याला बारा सेकंद. माझं मीटर चार सेकंदांत मोजून मोकळं! तीनदा मोजलं, तिन्हीदा ठोका हुकला. गिअरबॉक्स उघडला तेव्हा मोठ्या गिअरच्या एका दाताचा टवका उडालेला.

तो ठोका निदान खणखणीत तरी होता. पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरचा पंखा मिनिटाला १८० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला तीन, ३ हर्ट्झ. माझं मीटर १० हर्ट्झच्या खाली ठार बहिरं. मशीनच्या कंपनाचं मानक आयएसओ १०८१६ (आता त्याची जागा आयएसओ २०८१६ घेतंय) सुद्धा मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या खालच्या मशीनला २ हर्ट्झपासून मोजायला सांगायचं. मी ते वाचलं होतं, मीटर घेताना विसरलो होतो.

नवं घेताना विक्रेता वर ४० किलोहर्ट्झपर्यंत मोजतं याचं कौतुक सांगत बसला. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: खाली कुठपर्यंत उतरतं आणि सलग किती वेळ नोंदवतं. रोलरचे दहा फेरे बघायचे तर १२० सेकंद लागतात, तिथे घाई चालत नाही. मीटरऐवजी ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) वापरणाऱ्यांनो, डीसी कपलिंग (सिग्नल न गाळता आत घेणं) आणि रोल मोड (आलेख सलग सरकत राहणं) ठेवा. एसी कपलिंगवर ठेवलात तर हळू सिग्नल आतच येत नाही.

पैसे खरे सेन्सरवर घालवावेत. सेन्सर मोजतो त्वरण, आणि हलणं तेवढंच राहिलं तरी फेऱ्यांचा वेग दहापट कमी झाला की त्वरण शंभरपट घटतं. ०.१ मिलिमीटर हलणाऱ्या वस्तूचा १०० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) सेन्सरवर १० हर्ट्झला ४ मिलिव्होल्ट सिग्नल मिळतो, १ हर्ट्झला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट. तो केबलच्या कुरकुरीतच बुडतो. म्हणून ५०० मिलिव्होल्टचा घेतला. जड आहे, महाग आहे आणि भलता नाजूक मनाचा: चिकटवल्यावर तापमान जुळून स्थिर व्हायला वेळ घेतो, जवळून कुणी पाय आपटत गेलं तरी नोंद वाया.

आता ती दोन मिनिटं प्लॅटफॉर्मच्या जिन्यावर तोच फिटर आडवा उभा राहतो, कुणाला वर येऊ देत नाही. गज मात्र हातात असतोच.