सशाची दुसरी पंगत

आमच्याकडे न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे ससे आहेत, मटणासाठीच. "कापायला मन कसं होतं?" हा प्रश्न कोंबडीवाल्याला कुणी विचारत नाही. असो.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते सशाचं पोट. जाळीखाली पडतात त्या कोरड्या, गोल लेंड्या. त्याखेरीज मऊ, चकचकीत, बुळबुळीत गोळ्यांचा घोस तो मान वळवून थेट बुडाशी तोंड लावून गिळतो. सासूबाई बघून म्हणाल्या, "शी! याला काहीतरी झालंय." झालंय काय, तोच त्याचा पौष्टिक खाऊ! आंधळ्या आतड्यात (लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथली पिशवी) जंतूंनी चारा आंबवून केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं या दुसऱ्या फेरीत अंगी लागतात. म्हणून गवत हवंच. नुसता दाण्या-पेंडीचा खुराक घातला की पोट बिघडतं.

मादीला गायीसारखा ठरावीक माज नाही. नर लागल्यावर साधारण 10 तासांनी बीज सुटतं. मादीलाच नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. उलट केलं तर ती त्याला बोचकारते. 30-32 दिवसांत विते. पिल्लांना बहुधा दिवसातून एकदाच, तेही तीन-चार मिनिटं पाजते. "आई जवळच घेत नाही" म्हणून घाबरू नका, पिल्लांची पोटं टम्म आहेत ना, एवढं बघा.

उन्हाळा मात्र वैरी. ससा घाम गाळून गार होत नाही, कानांवाटे उष्णता टाकतो. पारा तिशीच्या बराच वर राहिला की नराचं बीज कमकुवत होतं. एप्रिल-मेमध्ये मी जोड लावतच नाही, गोणपाटं भिजवत बसते.