काकूंच्या मापाचे मोजे

काकू खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या, "सिस्टर, हे मोजे नकोत मला. पायात रुततात मेले."

शिरांच्या ओपीडीत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं, त्यामुळे मी आधी मोज्याचा वरचा काठच बघते. दोन बोटं खाली दुमडलेला होताच. दुमडलं की कापड दुहेरी होतं आणि दाब नको तिथे वाढतो. पायातल्या शिरांच्या दुखण्यासाठी दिलेल्या या दाबाच्या मोज्यांची घट्ट पकड घोट्याशी असते आणि पोटरीकडे ती कमी कमी होत जाते. रक्त वर चढायला मदत होते ती त्यामुळेच. काकूंनी नेमकं उलटं केलं होतं. गुडघ्याखाली दोरी बांधल्यासारखा वळ, खाली पाऊल टम्म.

"लांब होतो हो, म्हणून दुमडते."

लांब होतो कारण काठ धरून ओढतात. मग मी नेहमीचं प्रात्यक्षिक केलं. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पाऊल घालायचं, टाच टाचेत बसवायची आणि रबरी हातमोजे घालून तळव्यांनी कापड हळूहळू वर सारायचं. काठ गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटांवर थांबला पाहिजे. सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आत घालायचे. क्रीम लावायचं ते रात्री, मोजे काढल्यावर. काकूंना दुसऱ्या खेपेला जमलं.

"माझेही बघा जरा," शेजारी बसलेले काका म्हणाले. त्यांनी पँट वर केली. काकूंचीच जुनी जोडी!

कबूल करते, मी हसले आणि त्यांनाही शिकवायला खाली बसले. मोजा सोलून काढला आणि हात थबकला. पाऊल गार. नडगीची कातडी चकचकीत, केस नाहीत, अंगठा काळपट निळा. पावलावरची नाडी शोधली, लागेना. दुसऱ्या पायाचीही नाही.

"काका, रात्री पाय दुखतात?"

"दुखतात ना. पलंगावरून खाली सोडले की बरं वाटतं. म्हणून तर हिने मोजे दिले."

शिरांचं दुखणं पाय उंच ठेवल्यावर हलकं होतं. पाय लोंबते सोडून बरं वाटत असेल, तर खाली जाणारं रक्तच कमी पडतंय अशी शंका घ्यायची. मग चालण्याचं विचारलं. थोडं चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते. विडी? तीस वर्षं.

डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावला. दंडातला रक्तदाब १५०, घोट्यातला ७२, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागून ०.४८. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास येतो, ०.९ च्या खाली गेला की धमनी अरुंद झाल्याचा संशय घेतात, आणि ०.५ च्या खाली असे मोजे घालू देत नाहीत. आधीच पोटापुरतं रक्त न मिळणाऱ्या पायाला आम्ही वरून आवळत होतो. 'आम्ही' म्हणते, कारण नाडी न बघता मीही ते मोजे नीट चढवून द्यायलाच बसले होते. सरांनी त्यांना त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं.

काकू एवढ्याशा झाल्या. "मीच दिले हो. पडून होते, वाया कशाला घालवायचे."

धमनीचा आजार मोज्यांमुळे झालेला नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. एक बरं, काकांच्या पायात जाणीव शाबूत होती. मधुमेहात पाय बधिर झालेले असले तर मोजा कातडी सोलेपर्यंत काचतो आणि माणसाला पत्ता नसतो.

निघताना काकू ती जोडी पिशवीत घालू लागल्या. मी मागून घेतली. रोजच्या वापरातल्या मोज्यांचं इलॅस्टिक काही महिन्यांत सैल पडतं, तुमच्याही उपयोगाची नाही म्हटलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"सिस्टर, एक जोडी आमच्या जाऊबाईंनाही दिलीय."