हलगी सगळ्यांची, मयत मात्र त्यांचंच

खासबागेच्या मैदानात कुस्तीची जोड लागली की हलगी कडाडते आणि गॅलरीतला माणूस बसल्या जागी मांडी थोपटतो. हलगी, घुमकं, कैताळ हा वाद्यांचा ताफा कोल्हापूरचा अभिमान. वाजवणाऱ्याला किती मान मिळतो, ते मात्र त्याला कुठं बसवतात यावरून कळतं.

कातडी हलगी नखरेल असते. दमट हवेत पान, म्हणजे वर ताणलेलं कातडं, सैल पडतं, 'कडाड' ऐवजी 'भद्द' येतं. म्हणून पाचट नाहीतर कागद पेटवून शेकायची, बोटांनी टिचकी मारून आवाज बघायचा. जास्त शेकली की कातडं तडकतं. शेकोटीला जागा मिळते ती मंडपामागं, खरकट्याशेजारी. तिथून पुढं येईस्तोवर पान पुन्हा गार, आणि वर 'आज रंग नाही' हे ऐकायचं.

गणपतीतल्या पावसाला वैतागून फायबरचं पान आलं. ते शेकावं लागत नाही. कातडं गेलं आणि एरवी कातड्याला शिवणार नाहीत अशा घरांतली पोरंही हलगी गळ्यात घालायला लागली. चांगलंच झालं. पण मयत झालं की हलगी वाजवायचा निरोप कुठं जातो? मातंग वस्तीतच. कनिष्ठ गाववतनं, म्हणजे पिढीजात गावकामं, 1958 च्या कायद्यानं गेली, 'तुमचं कामच हाय ते' ही भाषा गेली नाही. बँडवाल्याला विसार, हलगीवाल्याला 'नंतर बघू' आणि शेवटच्या पंगतीत पत्रावळ.

यात्रा कमिटीनं एवढं तरी करावं: विसार आधी, वादक किती, वेळ कुठून कुठपर्यंत, गाडी कुणाची, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. पंगत सगळ्यांबरोबर. शेकोटी वाजवायच्या जागेलगत.

मयताला नाही म्हटलं म्हणून किराणा, दळण, रोजगार तोडला, तर तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा 2016 चा कायदाही आहे. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर केस बहुतेक वेळा फिर्यादीतच ढिली पडते. 'अपमान केला' एवढंच लिहिलं जातं. नेमके शब्द, जागा, वेळ आणि कुणाकुणासमोर झालं हे आलंच पाहिजे, कारण घटना लोकांदेखत घडल्याचं दाखवावं लागतं. जातीचा दाखला जोडा. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याकडं असतो, मुदत 60 दिवस. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.