तुम्ही विचारलंत म्हणून: गढ्या बघायला सायकल कशाला?

नाशिकला गेले की हा प्रश्न ठरलेला. कधी धाकटी नणंद विचारते, कधी कॉलेजातली ट्रेकची मैत्रीण. "हरिहरच्या पायऱ्या चढलेली बाई तू, साल्हेरवर मुक्काम केलेला. मग तिकडे जर्मनीत किल्ले बघायला सायकल का लागते तुला?" त्यातला न बोललेला भागही मला ऐकू येतो: सायकलवरून बघता येतो तो कसला किल्ला! दरवेळी हसून विषय बदलते. या वेळी तुम्ही तिघींनी एकाच आठवड्यात विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आधी एक कबुली. किल्ला या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते इथे नाही. मी राहते कार्ल्सरूहला. ऱ्हाइन ओलांडून पश्चिमेला गेलं की फाल्झचं जंगल लागतं आणि त्याच्या दक्षिणेकडच्या, फ्रान्सला चिकटलेल्या भागाला वासगाऊ म्हणतात. फाल्झमधला सर्वांत उंचावरचा किल्ला वेगेल्नबुर्ग, उंची ५७२ मीटर. आपला साल्हेर १५६७. तटबंदी, माची, बालेकिल्ला असलं काही शोधू नका. एखाद्या सरदार घराण्याने खडकाच्या सुळक्यावर बांधलेलं राहतं घर, एवढंच. मराठीत त्याला चांगला शब्द आहे, गढी. एकदा मनात गढी म्हटलं की नाशिकच्या माणसाची निराशा व्हायचं काही कारण उरत नाही.

पहिली दोन वर्षं मीही पायीच गेले. इथल्या लोकांसारखी, गाडी पायथ्याला लावायची, अर्धा तास चढायचं, गढी बघायची, उतरून डबा खायचा. बघून खूप झाल्या, पण एकीचा दुसरीशी संबंध लागेना. प्रत्येक वेळी नवा गाडीतळ, नवी पाटी, तोच लाल दगड. मग सायकल घेतली, ती ऑफिसला जायला. एका रविवारी ती लांडाउवरून रेल्वेत घालून आनवायलरला उतरवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हा मुलूख पायांना कळला.

कळला म्हणजे काय, ते सांगते, कारण माझं उत्तर तेच आहे. इथला खडक म्हणजे लाल वालुकाश्म, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू. लोहाच्या गंजामुळे लाल. आपला सह्याद्रीचा काळा दगड ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचा पोर. पुढे ऱ्हाइनचं खोरं खचलं, त्याच्या काठाचा हा भाग वर उचलला गेला आणि पावसापाण्याने झिजत राहिला. पण सगळा सारखा झिजला नाही. खालचे थर मऊ, त्यांच्यावर एक जाड कणखर थर. त्या थराला भूगर्भवाले ट्रिफेल्सचा थर म्हणतात, ट्रिफेल्स नावाच्या गढीवरूनच. मऊ थर वाहून गेले तिथे रुंद, सपाट खोरी झाली. शेतं तिथे, गावं तिथे आणि रस्तेही तिथेच. उतारावर जंगल. आणि माथ्यावर उरलेल्या कणखर थराच्या भिंतीवर गढी.

हे पुस्तकात वाचलं तर पटकन विसरतं. सायकलवर विसरत नाही. गावातून निघालात की पाय आपोआप हलके चालतात. मग एका वळणानंतर झाडी दाट होते, रस्ता सात-आठ टक्क्यांनी उभा राहतो, मागची गियर एकेक उतरवत तुम्ही शेवटच्या दात्यावर येता. दीड-दोनशे मीटर चढ झाला की संपलं, पलीकडे पुन्हा शेतं. दिवसभर हेच. मऊ, कणखर, मऊ, कणखर. संध्याकाळी मांड्यांना थर पाठ झालेले असतात. गाडीतून हे समजत नाही, आणि पायी चालून एका दिवसात इतके थर ओलांडता येत नाहीत.

आल्प्ससारखे तासभर जीव खाणारे घाट इथे नाहीत. काल्मिट म्हणून एक ६७३ मीटरचा डोंगर आहे उत्तरेला, फाल्झच्या जंगलातला सर्वांत उंच. तिथे इथली तरुण मुलं घड्याळ लावून चढतात. मला तिथे दोनदा जाऊन पुरे झालं.

माझा आवडता रस्ता आनवायलरहून निघतो. गावाच्या डोक्यावर एका रांगेत तीन सुळके, त्यांतल्या पहिल्यावर ट्रिफेल्स. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, धर्मयुद्धावरून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला, तो ११९३ साली इथे कैदेत होता. फार दिवस नाही, थोडेच आठवडे, पण गावाचं दुकान त्याच्यावर आठशे वर्षं चाललंय. पवित्र रोमन सम्राटाचा मुकुट आणि राजचिन्हंही बराच काळ इथेच ठेवलेली असत. गाडीतळापर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे पायवाट. सांगायला वाईट वाटतं, पण वरची भव्य इमारत जुनी नाही. मोठा भाग १९३८ नंतर नाझी राजवटीने आपल्या मनातला मध्ययुग कसा दिसावा तसा बांधून घेतला. एकदा बघा. नंतर खालूनच नमस्कार करून पुढे निघा, मी तेच करते.

गोसर्सवायलर, फोर्डरवायडेनथाल अशी गावं मागे टाकत एर्लेनबाखला पोचलं की समोर बेरवार्टश्टाइन. ही गढी १५९१ मध्ये वीज पडून जळाली होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभी केली. इथला पंधराव्या शतकातला मालक हान्स फोन ट्रोथा. वीसेमबूर्गच्या मठाशी त्याचं जमिनीवरून भांडण. त्याने काय करावं? वीसलाउटर नदीला बांध घातला, खालच्या वीसेमबूर्ग गावाचं पाणी तोडलं, आणि ओरड झाल्यावर बांध फोडून गावात पूर आणला. १५०३ मध्ये तो वारला. पण सीमेपलीकडच्या अल्सासमध्ये त्याचा हान्स ट्राप झाला, आणि नाताळात सांता निकोलसबरोबर येऊन द्वाड पोरांना धाक घालायचं काम त्याच्याकडे लागलं. आपला बागुलबुवाच. फरक एवढाच की याचा पत्ता माहीत आहे, आणि सायकल लावून त्याच्या घरात जाता येतं.

त्या घरातली विहीर बघा, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. अखंड खडकात १०४ मीटर खोल खणलेली. तिच्या काठावर उभी राहिले तेव्हा मला आमच्या गडांवरची टाकी आठवली. आपला काळा दगड पाणी धरतो. माथ्यावर चार हात खोदलं की पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरतं, म्हणून हरिहरसारख्या सुळक्यावरही टाकी आहेत. वालुकाश्म पाणी झिरपू देतो. त्यामुळे इथल्या सरदाराला दोनच मार्ग, लेप दिलेल्या हौदात छपराचं पाणी साठवायचं, नाहीतर खोऱ्याच्या तळापर्यंत खणत जायचं. दोन मुलुखांची तुलना करायचीच तर उंचीवरून करू नये, या पाण्यावरून करावी असं मला वाटतं. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, हे चालत जाऊनही दिसलं असतं. दिसलं असतं. पण नदी, तिचा उतार, बांध घालता येईल अशी चिंचोळी जागा, आणि बुडालेलं गाव, हे सगळं एका दिवसात एकापाठोपाठ दिसलं नसतं.

पुढे बुंडेनथाल, रुंबाख, शोनाउ, हिर्शथाल. हिर्शथाल संपलं की फ्रान्स. तिथून जवळच फ्लेकेनश्टाइन. जंगलात उभं असलेलं एखादं जहाजच वाटतं. खडकाची लांबी नव्वद मीटरच्या पुढे, रुंदी मात्र एका बंगल्याएवढी. आत जिने, खोल्या, हौद, सगळं दगडातच कोरलेलं. बाराव्या शतकापासूनची ही गढी फ्रेंच सैन्याने १६८० मध्ये उडवली.

आणि इथेच माझी फजिती झाली. रोड बाईकच्या बुटांना तळाशी क्लीट असतात, पॅडलमध्ये अडकवायच्या. प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत. ते बूट घालून मी त्या झिजलेल्या पायऱ्या उतरायला निघाले. चौथ्या पायरीवर पाय सुटला तो सात पायऱ्या बसूनच उतरले. समोर एक फ्रेंच आजी नातवाला घेऊन उभ्या. त्या काहीतरी म्हणाल्या, नातू पोट धरून हसला. कोपर सोलवटलं, एका क्लीटचा तुकडा उडाला, पुढचे वीस किलोमीटर डावा पाय पॅडलवरून घसरत होता. हरिहरच्या उभ्या पायऱ्या अनवाणी उतरलेली मी! तेव्हापासून जर्सीच्या मागच्या खिशात पातळ रबरी चपला असतात. केळं एका खिशात, ट्यूब आणि पंप दुसऱ्यात, चपला तिसऱ्यात. बरोबरचे सायकलवाले चपलांना हसतात आणि गढीच्या पायथ्याशी मागतात.

खाण्याचं विचारलंत म्हणून तेही सांगते. जंगलात पदभ्रमण मंडळाच्या झोपड्या आहेत, तिथे स्वयंसेवक जेवण वाढतात. मांस न खाणाऱ्यांना उकडलेले बटाटे आणि पांढरं चीज मिळतं. चीज नावालाच, चवीला आपला चक्का, वर कांदा आणि कांद्याची पात. अर्धा लिटरच्या, बोटं रुतायला खळगे पाडलेल्या ग्लासात वाइन-सोडा देतात. पुढे चढ असेल तर द्राक्षाचा रस मागा. सोमवारी बऱ्याच झोपड्या बंद असतात. हे मी उपाशीपोटी शिकले.

ऑक्टोबरात आलात तर पूर्वेच्या, द्राक्षमळ्यांकडच्या कडेला रस्त्यावर चेस्टनटच्या काटेरी फळांचा सडा पडलेला असतो. दिसायला सुंदर, टायरला वाईट. आणि उन्हाळ्यातल्या रविवारी मोटारसायकलींचा असा काही सुळसुळाट होतो की जंगलाची शांतता विसरा. शक्यतो शनिवारी पहाटे निघावं. बी १० हा हमरस्ता नकाशात कितीही सोयीचा दिसला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटचा चढ लेमबाखवरून क्लिंबाख आणि मग कबुतरखान्याची खिंड. कोल द्यु पिजोनिए, त्याचा अर्थ तोच, उंची ४३२ मीटर. तिथे पोचेपर्यंत पाणी संपलेलं असतं आणि पाय बोलत असतात. पलीकडे वीसेमबूर्गपर्यंत नुसता उतार. जंगल एकदम तुटतं, द्राक्षमळे लागतात, आणि ऱ्हाइनचं सपाट मैदान पार पलीकडच्या ब्लॅक फॉरेस्टपर्यंत उघडतं. साठ-सत्तर किलोमीटर झालेले असतात. हान्सने बुडवलेल्या गावात मी एक कुगेलहोफ केक घेते, नदीकाठच्या कठड्यावर बसून खाते, आणि विंडनमार्गे जाणारी गाडी पकडते.

नणंद मे महिन्यात येतेय. तिच्यासाठी सायकल भाड्याने बघून ठेवलीय, बॅटरीवाली. तिला अजून सांगितलेलं नाही. चपला तेवढ्या आणायला सांगितल्यात.