‘कळवतो’ म्हणाले, त्यानंतरचं

“मॅडम, तुम्हीपण?”

बँकेतल्या ज्या मुलीने हे विचारलं तिचा चेहरा मी विसरणार नाही. डबा खाताना तिला ‘लव्ह इज ब्लाइंड’मधल्या कोणाचं तरी नाव आठवेना आणि मी भाकरी मोडता मोडता ते सांगून मोकळी झाले. तेव्हापासून विचारणारे थांबत नाहीत. भाची विचारते, सोसायटीतल्या बायका विचारतात, मुलगा बंगळुरूहून फोनवर विचारतो. पंचवीस वर्षं कर्जखात्यात काढलेली, दिवाळी अंक विकत घेऊन वाचणारी बाई, ती लग्नं जुळवायचे हे तमाशे का बघते? वेळ जात नाही का?

जातो की. छान जातो.

तरी तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते. मला याची लाज वाटत नाही. “डोक्याला ताप नको म्हणून लावते” असं म्हणायची एक पद्धत आहे, तेही मी म्हणत नाही. डोकं बाजूला ठेवून हे बघणं म्हणजे हातातले पत्ते न बघता रमी खेळणं.

1992 ते 94 या काळात सांगलीला आमच्या घरी मला बघायला सात स्थळं आली. आमच्याकडे सहा कपांचा एक चांगला सेट होता. त्यातल्या एका कपाचा टवका उडालेला. तो बाबांनी घ्यायचा, टवका स्वतःकडे करून धरायचा, असं ठरलेलं. मी ट्रे आणायचे, बसायचे, शिक्षण सांगायचे, स्वयंपाक येतो म्हणायचे. पाऊण तासाने मंडळी उठायची आणि दारात चपला घालता घालता मुलाचे काका म्हणायचे, “कळवतो.”

पुढचं सगळं अंधारात. पत्रं आई फोडायची. एकदा ‘पत्रिका जुळत नाही’ असं कार्ड आलं. पत्रिका जुळल्यावरच बघायला आले होते! मला राग नकाराचा नव्हता. मला फक्त परतीच्या एसटीत काय बोलणं झालं ते ऐकायचं होतं. रंगावरून गेलं? उंचीवरून? की मी मध्येच हसले त्यावरून? कोण पहिल्यांदा ‘नको’ म्हणालं, आणि मुलगा तेव्हा खिडकीबाहेर बघत होता का?

मिरजेचा एक मुलगा आठवतो. सगळ्यांदेखत त्याने विचारलं, “तुम्हाला गणित आवडतं?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “मला कधीच जमलं नाही.” बघायला आलेला मुलगा मला अमुक एक जमत नाही असं म्हणतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते लोकही कळवतो म्हणाले. आठवड्याने आई म्हणाली, “मिरजेचं जमत नाहीये.” झालं. पुढे बारामतीचं स्थळ आलं, ते जमलं. त्याला तीस वर्षं झाली, तक्रार नाही.

तर फेब्रुवारी 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर हा ‘लव्ह इज ब्लाइंड’ आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतली लग्नाळू मुलं-मुली दहा दिवस छोट्या छोट्या खोल्यांत बसून भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलतात. दिसत काहीच नाही, फक्त आवाज. मोबाइल काढून घेतलेले. त्या आवाजालाच लग्नाची मागणी घालायची. तो हो म्हणाला की मग दार उघडतं आणि दोघं एकमेकांना पहिल्यांदा बघतात. त्यानंतर सहल, एकत्र राहणं, घरच्यांच्या भेटी, आणि चारेक आठवड्यांत थेट लग्नाचा मांडव. तिथे उभं राहून, आईबापांसमोर, हो किंवा नाही. पहिल्या सीझनला सहा जोड्या मेक्सिकोच्या सहलीला गेल्या, पाच मांडवापर्यंत पोचल्या, लग्नं लागली दोन.

पण माझा जीव अडकतो तो मांडवात नाही. मध्ये मध्ये एकेकाला खुर्चीत एकटं बसवून बोलतं करतात ना, तिथे. समोरची व्यक्ती नाही, आणि आता हा खरं काय वाटलं ते सांगणार. अहो, हीच ती परतीची एसटी! कॅमेरा एसटीत चढलाय आणि काकांच्या शेजारच्या सीटवर बसलाय.

दुसरा सीझन शिकागोचा, 2022 साली आला. त्यात दीप्ती वेंपटी आणि अभिषेक चॅटर्जी, ज्याला सगळे शेक म्हणायचे, ही दोघं भारतीय वंशाची. हा शेक भिंतीपलीकडच्या मुलींना विचारायचा, एखाद्या गाण्याच्या जलशात मी तुला खांद्यावर उचलून घेऊ शकेन का? कोणाला कळत नाही हो, वजन विचारतोयस ते? आमच्याकडे निदान उंची आणि बांधा छापील फॉर्मवर उघड विचारायचे. पुढे याचं जमलं दीप्तीशी. तिच्यासमोर गोडगोड, आणि तिची पाठ वळली की दुसऱ्यांना सांगणार, हिच्याबद्दल तसं काही वाटतच नाही, मावशी-आत्याबरोबर असल्यासारखं वाटतं. त्याच्या सख्ख्या आईने त्याला सुनावलं की मनापासून नसेल तर त्या मुलीला तिच्यावर पुरतं प्रेम करणारा मिळू दे. मांडवात दीप्तीनेच नाही म्हटलं, आणि मी इकडे सोफ्यावर टाळ्या वाजवल्या. तो मागे काय काय बोलला ते तिला पुरतं कळलं ते मात्र कार्यक्रम प्रसारित झाल्यावर. म्हणजे तिलाही एसटीतलं बोलणं ऐकायला मिळालं, फक्त जगाबरोबर. मला तसं आवडलं असतं का, हा वेगळा प्रश्न. आवडलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. त्र्याऐंशी वर्षांची आहे, इंग्रजीशी संबंध नाही, आणि माझ्याहून तयारीची प्रेक्षक आहे. दार उघडतं त्या क्षणी मी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवते आणि तिच्याकडे बघते. ती चष्मा वर सरकवून म्हणते, “ह्याला नाही आवडली.” नव्वद टक्के बरोबर. तिने मला शिकवलं की चेहरा बघायचा नाही, तो सगळे सावरतात. हात बघायचे. मिठी मारताना पाठीवर थोपटलं की संपलं. “थोपटतात ते मेव्हण्याला,” आई म्हणते.

माझी भर कर्जखात्यातली. कोणी विचारायच्या आधीच “हप्ता एक दिवस इकडचा तिकडे होणार नाही, मॅडम” असं म्हणणारा माणूस मी पंचवीस वर्षं ऐकला. तोच इथे भिंतीला टेकून, न विचारता, “मी एकदम सरळ माणूस आहे” असं सांगत असतो. आम्ही दोघी एकदमच “हं” करतो.

हे सगळं खरं असतं का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. अर्धं. त्या खोल्यांतले सोनेरी पेले बघितलेत? आरपार न दिसणारे. आत किती उरलंय ते दिसत नाही, त्यामुळे सोमवारचा डोळा मारलेला गुरुवारच्या वाक्याला जोडला तरी पकडता येत नाही. वेगवेगळ्या वेळचे तुकडे जोडून केलेल्या वाक्याला त्या धंद्यात फ्रँकनबाइट म्हणतात. ओळखायची खूण सांगते: वाक्याच्या ऐन मोक्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसेनासं होतं आणि पडद्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा येतो. तोंड दिसलं तरच मी ते वाक्य धरते. पण अर्धं खरं म्हणून सोडून द्यायचं, तर आमच्याकडे चहाच्या ट्रेपुढे बसलेलं कोण पुरतं खरं होतं?

सगळेच असले कार्यक्रम मी बघत नाही. ब्रिटनचा ‘लव्ह आयलंड’ रोज रात्री एक भाग असा चालतो, एवढी पोहण्याच्या कपड्यांतली माणसं मला एकमेकांपासून वेगळी ओळखताही येत नाहीत. 2009 चं राखी सावंतचं स्वयंवर आईने चवीने बघितलं होतं. शेवटी लग्नाऐवजी साखरपुडाच झाला आणि टोरंटोच्या त्या नवरदेवाशी तो काही महिन्यांत मोडला, तेव्हा “मुलगी हुशार आहे” एवढंच म्हणाली. ‘इंडियन मॅचमेकिंग’ मला आवडेल असं सगळ्यांना वाटतं. बघितलं. त्यातल्या फी घेऊन लग्नं जुळवणाऱ्या सीमा तापडिया, साठ-सत्तर टक्के मिळालं तरी समाधान माना म्हणणाऱ्या, मुंबईच्या. पण त्यात सगळे तेच बोलतात जे दिवाणखान्यात बोलायचं असतं. मुलगा लग्न करत नाही म्हणून माझं ब्लडप्रेशर वाढलंय, असं त्यात एक आई सांगते. आमची आई म्हणाली, “सात स्थळं झाली, माझं वाढलं का?” पहिल्या सीझनमधली एकही जोडी टिकली नाही असं मी वाचून दाखवलं, तर म्हणे, “मग फी परत देतात का?”

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जपानच्या ‘टेरेस हाऊस’मधली हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीगीर. एका भांडणाचा भाग दाखवल्यावर लोकांनी तिला इंटरनेटवर इतकं छळलं की मे 2020 मध्ये तिने जीव दिला, आणि ती मालिका बंद झाली. ‘लव्ह इज ब्लाइंड’मधल्या एकानेही 2022 मध्ये दावा लावला: दारू हवी तेवढी, अन्नपाणी आणि पैसे मात्र अपुरे, असे त्याचे आरोप होते. हे माहीत असून मी बघते. माझ्यापुरता नियम एवढाच केलाय की शिव्या घालायच्या त्या चार भिंतींत, आईला ऐकू जातील एवढ्याच. त्या माणसांबद्दल कुठेही एक अक्षर लिहायचं नाही. शेकबद्दल आत्ता लिहिलं, ते तेवढं एकदाच.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी अशाच बसलो होतो. पडद्यावर एका मुलीची आई होणाऱ्या जावयाला एकट्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होती. मुलगी आत स्वयंपाकघरात, तिला पत्ताच नाही. मी आईसाठी मराठीत सांगत होते: ती म्हणतेय, माझी मुलगी मनातलं बोलत नाही, ते तुला ओळखता येईल का. आई खारे दाणे सोलत होती. सालं ताटलीत टाकता टाकता म्हणाली,

“मिरजेच्यांचा होकार आला होता.”

मी रिमोट दाबला. चित्र थांबलं, त्या बाईचं तोंड उघडं राहिलं.

“काय?”

“होकार. पत्र आलं होतं. मीच नाही म्हणून कळवलं. तुझ्या बाबांनाही नंतर सांगितलं.”

“का पण?”

आईने हातातला दाणा तोंडात टाकला, चष्मा वर सरकवला आणि टीव्हीकडे बोट दाखवलं.

“लाव ना. तो काय म्हणतो बघू दे.”