निळी जिन आणि महादेवाची फुलं

जिन-टॉनिक हे दिसायला अगदीच गरीब पेय. व्हिस्कीला सोनेरी तेज असतं, रम काळपट तांबूस, वाइनचं तर बोलायलाच नको. जिन-टॉनिकचा ग्लास लांबून पाहिला तर गाडी चालवायची म्हणून कुणी बिचारा साधा सोडा घेऊन बसलाय असं वाटावं. लिंबाची चकती नसेल तर ओळख पटायचीही पंचाईत.

खरं तर त्यात निळा रंग आधीपासूनच दडलेला आहे. टॉनिकचा कडवटपणा क्विनीनचा. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून हे क्विनीन १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हंतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी वेगळं काढलं. हिवतापावर तोवरचा तोच एक खात्रीचा उतारा, म्हणून इंग्रजांनी १८६० नंतर निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे केले. १८७० च्या दशकात श्वेप्स कंपनी ‘इंडियन’ असं बिरुद लावून टॉनिक विकू लागली. त्याच्याही आधी, १८४५ मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी टिपून ठेवलं होतं, की क्विनीनचं बिनरंगी द्रावण उन्हात धरलं की पृष्ठभागाशी निळसर झाक मारतं. पटत नसेल तर दुकानात खोट्या नोटा तपासायचा जो जांभळा दिवा असतो, त्याच्याखाली टॉनिकची बाटली धरा. भुताटकी व्हावी तशी निळी पेटते. (आजच्या टॉनिकात क्विनीन नावापुरतंच. अमेरिकेत लिटरमागे ८३ मिलिग्रॅमच्या वर घालायला परवानगी नाही. तेव्हा ‘औषध म्हणून घेतोय’ ही सबब आता चालणार नाही.)

पण घरात तो दिवा लावून कोण बसणार? मला साध्या ट्यूबलाइटखाली दिसणारा रंग हवा होता, आणि तो आमच्या गॅलरीच्या ग्रिलवर चढलेला होता. गोकर्ण.

निळं खायची-प्यायची सवय आपल्याला नाही हे त्या फुलांमुळे पहिल्यांदा डोक्यात आलं. आपल्या ताटात पिवळं वरण असतं, पांढरा भात, हिरवी चटणी, तांबडा रस्सा, अगदी काळ्या वाटाण्यांची उसळही असते. निळं काही नसतं. निळी म्हणून घरात यायची ती पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ. लग्नाच्या हॉलमध्ये वेटर ट्रेमधून फिरवतात ते ‘ब्लू लगून’ मी जमेस धरत नाही. तो बाटलीतला कृत्रिम रंग, आणि जीभ दुसऱ्या दिवसापर्यंत पुरावा देत राहते. बारमधल्या ब्लू क्युरासाओची तरी काय वेगळी कथा? चव संत्र्याच्या सालीची आणि रंग निळा. आग्नेय आशियात मात्र गोकर्णाचा निळा चांगला रुळलाय. थायलंडमध्ये त्याचं लिंबू घातलेलं सरबत पितात, मलेशियात त्यात भात रंगवतात.

कृती म्हणावी इतकं काही करायचं नसतं. निळी फुलं घ्यायची, पांढरा गोकर्ण इथे कामाचा नाही. मागचा हिरवा देठाचा भाग खुडून टाकायचा आणि सावलीत वाळवायची. काचेच्या बरणीत साधारण दोनशे मिली जिन, त्यात आठ-दहा सुकी फुलं. अर्ध्या तासात रंग शाईसारखा गडद होतो. मग गाळून घ्यायचं. रात्रभर ठेवलं तर रंगात फारशी भर पडत नाही, पण कच्च्या शेंगांचा वास उतरतो. शेवटी गोकर्ण वाल-घेवड्याच्याच कुळातला, गुण दाखवणारच.

खरी मेख ओतण्याच्या क्रमात आहे. आधी निळी जिन आणि वरून टॉनिक असं घाईघाईत केलं तर ग्लासभर सरसकट जांभळं होतं, कारण टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल असतंच. लिंबू पिळायच्या आधीच खेळ संपतो. म्हणून उंच ग्लासात बर्फ, त्यावर टॉनिक, आणि मग साठ मिली जिन चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश. साखरेमुळे टॉनिक जड, अल्कोहोलमुळे जिन हलकी, त्यामुळे ती वर तरंगते. बिनसाखरेच्या टॉनिकवर हा थर तितका टिकत नाही. वर निळं, मध्ये जांभळी धूसर पट्टी, तळाशी पाण्यासारखं नितळ. लिंबाची फोड ज्याची त्याने पिळायची. पिळली की जांभळं गुलाबीकडे सरकतं आणि टेबलाभोवतीचे पन्नाशीचे गृहस्थ ‘अरे, परत कर, परत कर’ म्हणून ओरडतात.

यात जादू नाही. हळदीला चुना लावला की ती लाल होते आणि त्यातून कुंकू तयार होतं, हे आपल्या आज्यांना शाळेत न जाता ठाऊक होतं. हा त्यातलाच प्रकार. गोकर्णातली रंगद्रव्यं जांभूळ-कोकमातल्या रंगद्रव्यांच्याच कुटुंबातली, अँथोसायनिन. फक्त ही जरा हट्टी. सोड्याच्या सौम्य आंबटपणाला दाद देत नाहीत, लिंबापुढे मात्र वाकतात. खायचा सोडा टाकला तर हिरव्याकडे झुकतात, पण तो प्रयोग वाटीत करावा. जिन महाग असते.

सासऱ्यांना पहिला ग्लास दिला तेव्हा त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

“हे रेशनचं रॉकेल दिसतंय.”

“बाबा, घेऊन तर बघा.”

“रांगेत उभं राहून आणायचो आम्ही. हाच रंग. अगदी हाच.” रेशनच्या रॉकेलमध्ये भेसळ ओळखू यावी म्हणून निळा रंग घालत, ही माहितीही त्यांनी पुरवली. मग एक घोट घेतला, विचार केला आणि म्हणाले, “चव तर नेहमीचीच आहे की. मग एवढा खटाटोप कशाला?”

हा प्रश्न रास्त आहे. गोकर्णाला चव जवळपास नाहीच. डोळे मिटून प्यायलात तर ते साधं जिन-टॉनिक. कोकम घातलं असतं तर रंगाबरोबर आंबटपणा आला असता. गोव्याकडे उन्हाळ्यात उर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूत, लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालतात, तिथे प्रत्येक जिन्नस जिभेला जाब देतो. गोकर्ण कुणालाच जाब देत नाही, नुसता मिरवतो. आणि मला तेच आवडतं. क्विनीन कडू आहे, जिनला वास देणारं जुनिपर उग्र आहे, लिंबू आंबट आहे, ग्लासात आधीच सगळे कामाला लागलेले. एकाने नुसतं दिसायला यावं, त्यात काय बिघडलं? जिलबीतला केशरी रंग तरी काय काम करतो? केशर म्हणून सांगतात सगळे, पण हलवाई आणि आपण दोघंही काय ते समजून असतो.

मात्र कुणी चवीत सुधारणा म्हणून यात गुलाबपाणी, वेलची, पुदिना असलं काही ढकलू लागलं की माझा विरोध. तो अत्तराचा फाया होतो. चखणाही साधाच हवा. खारे शेंगदाणे, भाजणीची चकली.

एक सरकारी बाबही सांगून टाकते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि घरात बसून प्यायलाही परवाना लागतो. वय पंचवीस. आमच्याकडे दोन परवाने आहेत आणि ते बाबांनी विम्याच्या कागदांबरोबर फाइल केलेत.

अलीकडे मी जिन रंगवणंच सोडलंय. फुलं गरम पाण्यात उकळून ते गडद पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतते. साध्या जिन-टॉनिकमध्ये हे निळे खडे टाकले की जसे वितळतील तसा रंग उतरत जातो, जांभळे धागे तळाकडे जातात, आणि थर लावायची कसरत वाचते. शिवाय हेच खडे सासूबाईंच्या लिंबू-सोड्यातही चालतात. त्या जिनकडे बघतसुद्धा नाहीत, पण आपल्या ग्लासात चार खडे मोजून घेतात.

फुलांवरून मात्र त्यांचं-माझं रोज चालतं. सकाळी मी परडी घेऊन गॅलरीत गेले की आतून आवाज येतो, “सगळी खुडू नकोस गं, देवाला ठेव.” शेवटी वाटणी ठरली. शनिवारची फुलं माझी, बाकीच्या दिवसांत पूजा झाल्यावर उरतील ती वाळत घालायची, आणि सोमवारी वेलाला हात लावायचा नाही. ती महादेवाची. श्रावणात अख्खा वेल देवघरात जातो, त्यामुळे महिनाभर आमच्याकडे जिन बिनरंगीच.